जावयाचं विमान आणि माझे काटे

थेंब सोडण्याआधी एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. न बघता थेंब सोडले असते तर आज आमच्या घरात पहिल्या नंबरचा कप असता, आणि मला हाक मारण्याआधी जावई हल्ली जो एक लांब श्वास घेतात, तो त्यांना घ्यावा लागला नसता.

मी सावकाश बोलणारा माणूस आहे, तेव्हा सावकाशच सांगतो.

माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर मी बेचाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. दुकानदारांचे, पोस्टातले, रद्दीवाल्यांचे, दवाखान्यात तान्ही मुलं ज्यावर ठेवतात ते. पुढे आकडे दाखवणारे काटे आले. त्यांना काटाच नसतो, तरी काटे म्हणतात. मग मालकांनी दुकान बंद केलं, आणि हात धुऊन मी घरी बसलो. दोन वर्षांनी माझी बायको गेली, तेव्हा लेकीने माझी बॅग भरली आणि मला तिच्या घरी आणलं. (बॅगेत माझ्या डोळ्याला लावायचं भिंग तिने न विसरता घातलं, चष्मा मात्र विसरली.)

जावई माणूस फार चांगले. पण बोलणं कमी. माझंही कमी. आम्ही दोघं एका खोलीत बसलो की लेक दारात येऊन विचारायची, "भांडलात का?"

"नाही," जावई म्हणायचे.

"नाही," मी म्हणायचो.

दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं व्हायचं. तेही तिच्याशी.

जावई ऑफिसात नकाशे काढतात आणि घरी विमानं करतात. लहान विमानं. लढाऊ. खोक्यात प्लॅस्टिकचे तुकडे येतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. या खेपेचं विमान खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं होतं. म्हणजे अशी बत्तीस जोडली की एक खरं होईल, असा माझा हिशेब होता. जावयांनी तो खोडून काढला नाही. फक्त खिडकीबाहेर बघत राहिले.

या विमानावर त्यांचे आठ महिने गेले होते. त्यातले पाच नुसत्या कॉकपिटवर. कॉकपिट म्हणजे पायलटची बसायची जागा, आणि या विमानात ती माझ्या अंगठ्याएवढी होती. तेवढ्यात खुर्ची, खुर्चीला पट्टे, पट्ट्यांना बकलं. बकलं त्यांनी तारेची केली होती. खुर्चीच्या वर पिवळं-काळं कडं, जीव वाचवायची वेळ आली तर ओढायचं. आधी सगळीकडे करडा रंग दिला, मग त्यावर पातळ काळं पाणी फिरवून सांदीकोपऱ्यांत मळ बसवला, मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून ओढून झिजल्याची चमक आणली. नवीन वस्तू आठ महिने खपून जुनी करायची, हे मला आधी समजत नव्हतं. पण लेक म्हणाली, "बाबा, त्याला त्यातच आनंद आहे." तेव्हा मी विचारणं सोडलं.

त्यांच्या क्लबचं दर वर्षी प्रदर्शन असतं. तीन वर्षं जावयांचा दुसरा नंबर आला होता, आणि तिन्ही वर्षं पहिला नंबर एका दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक काम करतात, त्यामुळे विमानात त्यांना हात घालायला भरपूर जागा वाटते. या वर्षी मात्र जावयांचं कॉकपिट पाहून क्लबातले लोक हळू आवाजात बोलायला लागले होते. जावई घरी तसं काही म्हणाले नाहीत. फक्त कपाटावरची जागा त्यांनी रिकामी करून पुसून ठेवली, एका कपापुरती. माणसाला काय हवंय ते एवढ्यावरून कळतं.

आणि प्रदर्शनाच्या चार दिवस आधी ऑफिसने त्यांना तीन दिवसांसाठी बाहेरगावी पाठवलं.

"आता काय राहिलंय त्यात?" लेकीने विचारलं.

"डायलवरच्या काचा. प्रत्येक डायलवर पारदर्शक वार्निशचा एक थेंब सोडायचा. वाळला की काच दिसते. बाकी जोडणी मी आल्यावर करीन, पण थेंबांना वाळायला अख्खी रात्र लागते."

"मग बाबांना सांग ना."

जावयांनी कॉकपिट जरा स्वतःकडे ओढून घेतलं.

"त्यांचा हात बघितलास का?" लेक म्हणाली. "भरलेला कप घेऊन जिना चढतात, बशीत थेंब पडत नाही."

जावयांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो पुढे केला. हात हलला नाही. (बाकीचा मी थोडा हललो.)

"एकोणीस डायल आहेत, बाबा," ते म्हणाले. "एकोणीस थेंब. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही," मी म्हणालो. आणि ते अगदी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो. कॉकपिट अजून विमानात बसवलेलं नव्हतं. एका चिमट्यात धरून उभं केलं होतं, आणि विमान शेजारी फडक्याखाली झाकलेलं होतं. मी भिंग डोळ्याला लावलं, काडीच्या टोकावर वार्निश घेतलं आणि म्हटलं, आधी एकदा नीट बघून घ्यावं.

मोठ्या डायल मोहरीएवढ्या, लहान खसखशीएवढ्या. काळ्या तबकडीवर पांढऱ्या खुणा आणि प्रत्येकीत एक पांढरा काटा. आणि सगळे काटे वेडेवाकडे. एक उजवीकडे, एक वर, एक पावणेतीनकडे. म्हणजे विमान टेबलावर पडलेलं, आत चिटपाखरू नाही, आणि काटे वजन दाखवताहेत.

ज्याने बेचाळीस वर्षं काट्यांत काढली त्याला हे बघवत नाही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट एवढीच: पारडं रिकामं असेल तर काटा शून्यावर पाहिजे. शून्य नीट नसेल तर पुढचं सगळं खोटं. रिकाम्या पारड्यावर काटा जरासा पुढे असला तर त्याला लबाडी म्हणतात, शिक्का मारणारे साहेब काटा जप्त करतात. आमचे मालक तर बोटावर फूटपट्टी मारायचे. मला वाटलं, जावई नकाशेवाले, त्यांना काय ठाऊक. परीक्षकांनी बघितलं तर नाचक्की व्हायची. आठ महिन्यांची मेहनत आणि शून्य चुकलेलं.

म्हटलं, एकच दुरुस्त करू. तो पावणेतीनवाला.

काळ्या रंगाने जुना काटा झाकला. खुणा जिथून सुरू होतात तिथे शून्य, हे कुठल्याही डायलला कळतं, त्याला शिक्षण लागत नाही. तिथे नवा काटा ओढायला गेलो तर जावयांचा सगळ्यात बारीक ब्रश मला केरसुणीसारखा वाटला. म्हणून कात्रीने त्याचे केस कमी केले. तीन ठेवले. मग काटा असा आला की श्वास घेतला असता तर मोडला असता.

पण एक काटा नीट झाला की शेजारचा आणखीच वाकडा दिसतो. घरात एक भिंत रंगवली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली.

"बाबा, काय चाललंय?"

"थेंब."

"मग कात्री कशाला?"

"थेंब बारीक पाहिजेत."

ती गेली. लेकीच्या घरात मी बोललेलं हे पहिलं खोटं, आणि मला ते इतकं सहज आलं की चहा गोड लागला.

दोन दुपारी लागल्या. सोळा काटे मी शून्यावर आणले. राहिल्या तीन डायल. एकीत अर्धं निळं, अर्धं तपकिरी असा गोळा होता, आणि त्यातली मधली रेघ पार तिरपी. ब्रश घसरला असणार, असं समजून मी ती सरळ केली. पाणसळ लावून तपासावी इतकी सरळ. दुसरी डायल दिशा दाखवणारी. होकायंत्राला शून्य करून चालत नाही एवढं मला कळतं. त्यामुळे त्याचं टोक मी उत्तरेला केलं. उत्तर त्या घरात स्वयंपाकघराकडे आहे. तिसरं घड्याळ होतं. त्यात भिंतीवरच्या घड्याळात बघून चार वाजून दहा मिनिटं लावली.

संध्याकाळी जावयांचा फोन आला.

"बाबा, थेंब सोडले?"

"सोडतोय."

"अजून?"

"सावकाश सोडतोय."

"बरं, सावकाशच सोडा." मग जरा थांबून, "जेवलात?"

"हो. तुम्ही?"

"हो."

आमच्या ओळखीतलं ते सगळ्यात लांब संभाषण होतं. काट्यांचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण चांगलं काम आपण होऊन सांगू नये, ते समोरच्याला सापडू द्यावं, अशी माझी समजूत. मग मी एकोणीस थेंब सोडले, फोन ठेवल्यावर लगेच. वीस मिनिटांत झाले.

जावई प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी परतले. हातपाय न धुता टेबलाशी गेले. थेंब वाळून काचा झाल्या होत्या, आणि आत काटे असे बारीक उभे होते की नुसत्या डोळ्यांना ते आहेत एवढंच समजत होतं. कुठे बघताहेत ते दिसत नव्हतं. जावई वाकून बघत राहिले.

"सुंदर," ते म्हणाले.

लेक म्हणते, लग्नात तिच्याकडे बघून ते "छान" म्हणाले होते. तेव्हा सुंदर म्हणजे काय ते समजून घ्या. मी आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ उगाचच उभा राहिलो.

मग त्यांनी कॉकपिट विमानात बसवलं. खुर्चीत पायलट बसवला, हातात दांडा घेतलेला. वर काचेचं झाकण चिकटवलं, आणि ते एकदा चिकटलं की उघडत नाही. विमान हातात घेऊन त्यांनी उलटं केलं, तेव्हा मला खालची बाजू दिसली.

"चाकं?" मी विचारलं.

"आत आहेत. हवेत आहे ना ते," ते म्हणाले, आणि विमान एका तिरक्या काचेच्या दांड्यावर बसवलं. डावा पंख खाली, उजवा वर. "वळण घेतंय."

"असं का," मी म्हणालो.

काहीतरी खटकलं. पण मी सावकाश माणूस आहे. काय खटकलं ते कळायला दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजले.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. टेबलांची रांग, पांढरे कागद अंथरलेले, आणि प्रत्येक टेबलामागे एकेक माणूस, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा असल्यासारखा. दातांचे डॉक्टर समोरच होते. त्यांनी येऊन आमचं विमान पाहिलं, जावयांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या वर्षी मला झोप नाही." हे ऐकून जावयांचे कान लाल झाले. लेकीने माझा दंड दाबला. मीही खूश होतो. एवढं खूश होऊ नये.

परीक्षक दोघं होते. एक बाई कागद घेऊन गुण लिहीत होत्या. दुसरे म्हातारे गृहस्थ, माझ्याच वयाचे, हातात पेनाएवढी टॉर्च आणि डोळ्याला भिंग. त्यांनी आयुष्यभर विमानांच्या कारखान्यात डायल बसवल्या होत्या, असं लेक कानात म्हणाली. मला तो माणूस बघताक्षणी आवडला. मनात म्हटलं, आता काट्यांचं चीज होणार.

ते वाकले. टॉर्च लावली. बराच वेळ वर आले नाहीत. तेव्हा अकरा वाजले, आणि काल काय खटकलं होतं ते मला कळलं.

"हे विमान कुठे आहे?" त्यांनी वाकूनच विचारलं.

"हवेत," जावई म्हणाले. "डावीकडे वळतंय."

"त्याला कळवलंय का हे?"

जावयांना प्रश्न समजला नाही.

"उंची शून्य," ते वाचू लागले. "वेग शून्य. इंधन शून्य. तेलाचा दाब शून्य. इंजिनाचे फेरे, शून्य." कागदवाल्या बाई लिहायच्या थांबल्या. "पंख असा तिरपा आणि निळ्या-तपकिरी गोळ्यातलं क्षितिज मात्र आडवं. घड्याळ चालू आहे. चार वाजून दहा मिनिटं." ते वर आले आणि भिंग काढलं. "एवढं सगळं एकदम शून्यावर आलेलं मी नोकरीत एकदाच पाहिलं होतं. पण तेव्हा ते विमान शेतात होतं."

शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्या टेबलाशी आले. जावयांनी टॉर्च मागून घेतली, स्वतः वाकून पाहिलं, आणि तसेच वाकलेले राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"काटे कोणी काढले?" परीक्षकांनी विचारलं.

जावई सरळ उभे राहिले. "मी," ते म्हणाले.

या माणसाला मी सहा वर्षं ओळखतो. बसमध्ये कंडक्टर विसरला तर मागे जाऊन तिकीट काढणारा माणूस. आणि माझ्यासाठी भर हॉलमध्ये खोटं बोलला. आता मला तोंड उघडणं भाग होतं.

"मी काढले," मी म्हणालो.

"एकाने काय ते कबूल करा," परीक्षक म्हणाले. "स्पर्धा एकट्याची आहे."

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा वीसेक माणसांसमोर बोललो. म्हटलं, साहेब, मी वजनकाटे दुरुस्त करायचो. जावयांनी काटे बरोबर काढले होते, मीच बदलले. पारडं रिकामं असलं की काटा शून्यावर पाहिजे, हे मला शिकवलंय. बेचाळीस वर्षांत माझा एक काटा जप्त झाला नाही.

परीक्षकांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग काचेच्या झाकणावर टॉर्च रोखली.

"पारडं रिकामं कुठंय, काका?" ते म्हणाले. "माणूस बसलाय की त्यात."

मी वाकून बघितलं. बसला होता, दांडा धरून.

हॉलमध्ये कुणीतरी आधी हसलं. मला वाटतं लेक. मग डॉक्टर, मग कागदवाल्या बाई. जावई हसले नाहीत. त्यांनी विमान दांड्यावरून काढून हातात घेतलं, आता ते कुणाला दाखवायचं नसल्यासारखं. पहिला नंबर गेला, हे त्यांच्या हातांना कळलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

कागदवाल्या बाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "उडत्या विमानांत हे बसणार नाही. पण अपघात विभागात दोनच वस्तू आल्यात. बक्षिसं तीन आहेत."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिने एका बाजूला आणि सासरा दुसऱ्या, असं ते वजन चाललं होतं, मला काट्यातलं कळतं. मग त्यांनी विमान टेबलावर पोटावर ठेवलं. चाकं आतच होती, त्यामुळे ते अगदी खरं वाटलं. विमानापुढच्या नावाच्या चिठ्ठीवरचं "वळण घेताना" खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "इंधन संपल्यावर."

टॉर्चवाले पुन्हा वाकले. "आता जुळतंय," ते म्हणाले. "काटे फार सुरेख आहेत. असे काटे मी खऱ्या विमानातही पाहिले नाहीत."

आमचा दुसरा नंबर आला. पहिला खड्ड्यात गेलेल्या ट्रॅक्टरला मिळाला. आमचे गुण का कमी झाले ते बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं: विमानाला ओरखडा नाही आणि पायलटला काही झालेलं नाही.

घरी येताना बसमध्ये जावई माझ्या शेजारी बसले, विमान मांडीवर. तीन थांबे गेले.

"चार वाजून दहा मिनिटंच का?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा तेवढेच वाजले होते."

आणखी एक थांबा गेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कळलं की हसताहेत, आणि हात ठेवल्यामुळे ते जास्तच हसू लागले. लेक पुढच्या सीटवरून वळून बघत होती. तिने पहिल्यांदाच विचारलं नाही, भांडलात का म्हणून.

आता नव्या वर्षाचं काम सुरू झालं आहे. परवा जावयांनी मला हाक मारली, आधी तो श्वास घेऊन. टेबलावर नवं खोकं होतं. "या वेळी आपण दोघं मिळून करायचं, बाबा," ते म्हणाले. मी भिंग घेऊन धावत गेलो (म्हणजे माझ्या मानाने). खोक्यात होडी होती. साधी, दोन माणसांची. मी आतून, बाहेरून, खालून, दोनदा तपासली. तिला डायल नाही, काटा नाही, घड्याळसुद्धा नाही.

"मी काय करू?" मी विचारलं.

"वल्ही रंगवा," ते म्हणाले, आणि एक वल्हं माझ्या हातात दिलं.

दुसरं त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. पहिलं कसं होतंय ते बघून ठरवू म्हणाले.